पवनेचं पाणी आणि आपला बॉट

काळेवाडीकरांनो, पावसाळ्यात पवना धरणातून विसर्ग वाढला की माझा फोन थांबत नाही. सगळ्यांचं एकच, "दादा, किती पाणी सोडलं?" म्हणून भाच्याला हाताशी धरून टेलिग्रामसाठी पायथॉनमध्ये छोटा बॉट बनवतोय.

खरं काम त्यातल्या मदतनीस फंक्शनांचं. एक विसर्गाचा आकडा आणतं, दुसरं पावसाचा अंदाज. साधं फंक्शन उत्तर येईपर्यंत अडून बसतं, मागचे सगळे खोळंबतात. 'असिंक' फंक्शन 'अवेट'पाशी थांबलं की तेवढ्यात दुसऱ्याचं काम होतं. टपरीवाला चहा उकळेपर्यंत पुढची ऑर्डर घेतो ना, तसं. पायथॉनमध्ये ही सोय २०१५ साली, ३.५ आवृत्तीत आली.

पण नुसतं 'असिंक' लिहून भागत नाही. आत जुनी 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी वापरली की रांग पुन्हा ठप्प. (पाटी नवी, कारभार जुना. ओळखीचं वाटतंय ना?) आम्ही 'एचटीटीपीएक्स'चा असिंक क्लायंट घेतलाय.

आणि वेळेची मर्यादा हवीच. पाच सेकंदांत आकडा आला नाही, तर बॉटने सरळ "आकडा मिळाला नाही" सांगायचं. कालचा आकडा आजचा म्हणून खपवायचा नाही. घरातलं धान्य माळ्यावर चढवायचं की नाही, हे नदीकाठची माणसं त्यावर ठरवणार आहेत.

चाचणीला आठ-दहा जण हवेत. नदीकाठच्यांनी आधी मेसेज करा.