आठ बाय चारची होडी

मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या नौका दिसतात त्या धक्क्याला लागलेल्या नसतात. पाण्यात मध्येच बोयाला बांधून ठेवलेल्या असतात. उधाणाला तिथलं पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. नौका धक्क्याला बांधली तर भिंतीवर घासत राहील. मग मालक नौकेपर्यंत जातो कसा? छोट्या होडीतून. माणसं, पिण्याच्या पाण्याचे कॅन, शिडांच्या पिशव्या, वेळप्रसंगी जादा नांगर, सगळी ने-आण हीच करते. पुस्तकात तिला टेंडर म्हणतात, बोलण्यात नुसती डिंगी.

या होडीची गंमत अशी की मोठी नौका मुक्कामाला पोचली आणि मोठी माणसं चहापाण्यात गुंतली की ती रिकामी होते. पूर्वी तिच्यात एक छोटी डोलकाठी आणि शीड गुंडाळून ठेवलेलं असायचं. युरोप-अमेरिकेत कित्येक पोरं वारा ओळखायला शिकली ती या रिकाम्या होडीत, कुणी शिकवायला नसताना. मग रबरी फुगवायची होडी आली, मागे इंजिन आलं. सोयीची वस्तू आहे, मीही वापरतो. पण तिच्यात बसून मूल शिकतं काय? पेट्रोल कुठे ओतायचं ते!

मी लहान शिडाच्या लाकडी होड्या बांधतो आणि मुलांना शीड शिकवतो. वाढलो मात्र रायपूरच्या सदर बाजारात, सोन्याचांदीच्या पेढ्यांमध्ये. ‘सराफ्यातलं पोर समुद्रावर कसं गेलं?’ असं विचारणारे नातेवाईक अजून भेटतात. त्यांना वाटतं शिडाला समुद्र लागतो. शिडाला वारा लागतो, आणि शिकायला लागते एक ओबडधोबड, मंद, स्वस्त होडी.

जगातली अशी सर्वांत प्रसिद्ध होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. 1947 साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी मुलांसाठी खोक्यांच्या गाड्यांची शर्यत व्हायची: लाकडी पेटीला चाकं लावायची आणि उतारावरून सोडायची. मेजर क्लिफर्ड मॅके यांनी तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लबपुढे मुद्दा मांडला की गाडी शर्यत संपली की पडून राहते, होडी रोज वापरता येईल. अट एवढीच, पन्नास डॉलरच्या आत बसली पाहिजे. क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्याने ती बसवली. प्लायवूडचा पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा मिळतो, म्हणून होडी पावणेआठ फुटांची. नाळ टोकदार केली तर लांबी वाढते आणि फळ्या वाकवाव्या लागतात, म्हणून पुढचं टोक कापून चपटं केलं. सौंदर्याशी कुणाचं भांडण नव्हतं, पत्राच तेवढा होता. पुढे आक्सेल डॅमगार्ड यांनी ती डेन्मार्कला नेली आणि तिथून ती जगभर पसरली. आज ती बहुधा फायबरग्लासची असते, वजन 35 किलो, शीड 3.3 चौरस मीटर, आणि स्पर्धेत वयाची मर्यादा पंधरा वर्षं.

तिचं शीड बघण्यासारखं असतं. डोलकाठी होडीच्या लांबीपेक्षा मोठी नसते. शिडाचा वरचा कोपरा एक तिरकी काठी उचलून धरते. त्यामुळे काठ्या काढल्या की सगळा पसारा होडीच्या पोटात मावतो. जुन्या टेंडरचीही हीच युक्ती. भार खाली राहतो, झुळूक आली तरी होडी एकदम कलंडत नाही. कलंडलीच तर आतल्या हवेच्या तीन पिशव्या तिला बुडू देत नाहीत. मूल मधल्या उभ्या फळीवर पाय देऊन होडी सरळ करतं आणि दोरीने बांधलेल्या डब्याने पाणी उपसत बसतं. हा डबा बाजारातून आणू नये. तेलाचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापला की उत्तम.

‘मग एकाच होडीत दोन्ही कामं भागतील की,’ असं नौका घेणारे हौशी लोक मला सांगतात. नाही भागत. टेंडरमध्ये तीन जड माणसं बसणार, म्हणून तिचे काठ उंच हवेत, वल्ह्यांची जागा हवी, मोठ्या नौकेचा रंग खरवडू नये म्हणून काठाला दोराची जाड किनार हवी. ओढून नेताना ती सरळ यावी म्हणून मागे तळाशी पट्टी हवी. ऑप्टिमिस्ट ओढत न्या, फळीच्या खाचेतून कारंजं उडतं. तिला बूच मारावं लागतं. उलट मुलाच्या होडीचा मोठा गुण म्हणजे ती उलटावी, आणि उलटून परत उभी राहावी. उलटणारं टेंडर कुणाला हवंय? नाइलाजाने एकच घ्यायची असेल तर मी मिरर सुचवतो.

मिरर 1963 सालची. लंडनच्या ‘डेली मिरर’ने घरी बांधता येईल अशी होडी लोकांपुढे ठेवली, शिडं वर्तमानपत्राच्या लाल रंगाची. आराखडा जॅक होल्टचा (एनसीसीच्या नौदल शाखेतल्यांनी पाहिलेली एंटरप्राइझही त्याचीच), आणि बांधायची रीत टीव्हीवर सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेलची. सांगाडा नाही. प्लायच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे, पक्कडीने पिळून आवळायचे. आतल्या सांध्यावर काचेच्या धाग्याची पट्टी राळेत भिजवून बसवायची आणि ती कडक झाली की बाहेरची तार छाटायची. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या.

टाक्यांची ही तांब्याची तार मी सदर बाजारातून आणतो. हार्डवेअरच्या दुकानातली तार कडक असते, दुसऱ्या पिळाला तुटते. आमच्या ओळखीचे कारागीर जंत्रीतून ती हव्या त्या जाडीची ओढून देतात, मग लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवतात. तार सुतासारखी मऊ होते. चांदीच्या साखळ्या करणाऱ्या माणसाला होडीचा टाका समजावून सांगावा लागत नाही. फळ्या शिवून जहाज करायची विद्या तर आपल्या किनाऱ्यावर जुनीच. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्याच्या दिवाडी बेटावर काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ बांधलं, ते 2025 साली नौदलात आलं. ते बांधणारे रत्नाकर दांडेकर. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही त्यांच्याच हातची.

समुद्राचा मुद्दा राहिला. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये मुलींच्या आयएलसीए-4 या छोट्या शिडाच्या होडीच्या वर्गात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. नवशिक्याला तलाव बंदरापेक्षा बरा. मुंबईत ओहोटीची ओढ अशी असते की वारा पडला तर ऑप्टिमिस्ट उलटी वाहत जाते, पोराचा काही दोष नसताना.

पण तलाव म्हणून कुठलाही चालत नाही. सदर बाजाराजवळचा बुढा तालाब मला प्रिय आहे, तरी तिथे शिकवायला मी नकार देईन. भोवती इमारती आणि झाडं. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वारा मोडलेला असतो. शिवाय मधोमध विवेकानंदांचा पुतळा आणि बेटावरची बाग. मूल एका झुळुकीवर निघतं आणि दुसरी उलट्या अंगाने येते. तेलीबांधाची गतही फारशी वेगळी नाही. धमतरीजवळचा गंगरेलचा जलाशय मात्र मोकळा आहे, महानदीचं पाणी लांबवर पसरलेलं, वारा एका अंगाने येतो. तिथे चार ऑप्टिमिस्ट, एक इंजिनाची बचावहोडी आणि प्रत्येकाला मापाचं जॅकेट एवढ्यावर शाळा सुरू होते. होड्या स्वतः बांधणार असाल तर प्लाय घेताना दुकानदाराच्या ‘मरीन’ या शब्दावर विसंबू नका, पत्र्यावर आयएस 710 चा शिक्का बघा.

आईबापांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: पहिल्याच दिवशी एकटं बसवणार? हो, एकटंच. दोघं बसली की एक चालवतो आणि दुसरा प्रवासी होतो. शिवाय 35 किलोच्या होडीत तीसेक किलोचं एक मूल बसलं की त्याने अंग मागे टाकताच होडी ऐकते. पोहायला येत असेल, जॅकेटचे बंद मी स्वतः तपासले असतील आणि बचावहोडी हाकेच्या अंतरावर असेल, तर मी दोरी सोडतो. आईबापांना त्या वेळी काठावर उभं राहून सूचना द्यायला मनाई असते.