जे कॉपी होत नाही

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नियमित अपडेट्सची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ती नसलेले, एरवी उत्तम चालणारे संगणक पुष्कळ आहेत. त्यामुळे नुसतं अपग्रेडचं बटण दाबून अनेकांचं भागत नाही. नवं यंत्र घरात येतं आणि जुन्यातलं सगळं त्यात न्यायचं ठरतं. आता सगळं म्हणजे काय?

डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉपवर साठलेल्या फायली कुणीही पेन ड्राइव्हवर घेतं. माझा जीव अडकतो तो सेटिंग्जमध्ये. वर्डमध्ये लिहिताना एखाद्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते आणि आपण तो शब्दकोशात घालायला सांगतो. गावाचं नाव असतं, कुणाचं आडनाव असतं, आजीच्या तोंडचा एखादा शब्द असतो. हे शब्द एका साध्या फायलीत, ओळीला एक असे, साठत जातात. ती फाईल ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ अशा पायऱ्या उतरल्यावर सापडते, आणि ॲपडेटा हे फोल्डर मुळात लपवलेलंच असतं. एकदा ती उघडून वाचा. यंत्राला चुकीचा वाटलेला आणि आपण बरोबर ठरवलेला एकेक शब्द तिथे आहे. मला ती दैनंदिनीपेक्षा खरी वाटते, कारण ती कुणी वाचेल या विचाराने लिहिलेली नसते.

विस्टा आणि विंडोज ७मध्ये असं सामान हलवायला ईझी ट्रान्स्फर होतं. विंडोज १०मध्ये ते काढून टाकलं. मोठ्या कार्यालयांतले तंत्रज्ञ याच कामासाठी मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी हे साधन वापरतात. त्यातलं स्कॅनस्टेट जुन्या यंत्रातून गोळा करतं, लोडस्टेट नव्यात उतरवतं. काय घ्यायचं याचे नियम एक्सएमएल फायलींत लिहिलेले असतात. म्हणजे माणसाचं काय आणि यंत्राचं काय, ही रेषा कुणीतरी आधीच आखलेली आहे. ड्रायव्हर रेषेपलीकडे राहतात, ते योग्यच. पण घरी हाताने फायली हलवताना मराठी माणसाची एक मोलाची वस्तू नेमकी मागे राहते. ती म्हणजे फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधी आपलं बहुतेक टंकलेखन श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये झालं. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले होते. फायलीच्या पोटात मराठी नव्हतंच. होती ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि त्यांना मराठी रूप देत होता फॉन्ट. तो माणसाच्या फोल्डरात नाही, विंडोजच्या फोल्डरात राहतो. फाईल नव्या यंत्रात पोचते, फॉन्ट मागे राहतो, आणि उघडल्यावर दिसतात कंस, अर्धविराम, डॉलरची चिन्हं. संस्थांची इतिवृत्तं, शोधप्रबंध, कुणीतरी म्हातारपणी नेटाने टाइप करून घेतलेल्या आठवणी, सगळ्यांची हीच गत. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या मजकुराला चालत नाही. फाईल शाबूत आहे, एक बाइटही हरवलेला नाही, आणि वाचता मात्र एक ओळ येत नाही. दोन दशकांचं मराठी लेखन अशा फायलींत पडून आहे, आणि प्रत्येक अपग्रेडला त्यातलं थोडं मुकं होतं. याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून सांगणं एवढंच, की जुना संगणक भंगारात द्यायच्या किंवा फॉरमॅट करायच्या आधी असे दस्तऐवज त्याच्यावरच उघडा आणि पीडीएफ काढून ठेवा. त्याच यंत्रावर अपग्रेड केलंत, तर जुनं विंडोज ज्यात साठवलं जातं त्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरावर विसंबू नका. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. रफार आणि जोडाक्षरं बदलताना कन्व्हर्टर चुकतात, तेव्हा मूळ फाईल आणि तिचा फॉन्ट दोन्ही जपून ठेवा.