मस्तगडातले काळाचे दार

ई. नेस्बिट यांच्या १९०६ सालच्या ‘द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट’ या कादंबरीत एका तावीजाच्या आधारे मुले भूतकाळात जातात. पुढे बॅबिलोनची राणीच लंडनला येते आणि ब्रिटिश म्युझियममधील दागिने आपलेच म्हणून मागू लागते. प्रसंग विनोदी खरा. पण जुन्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मागे उरतोच. पुण्यात दिनकर केळकरांनी अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारले. तिथले दिवे, अडकित्ते मात्र घराघरांतले आहेत.

अशी एखादी कथा मस्तगडात घडावी, असे आम्हांला फार वाटते. जालन्याचा हा बालेकिल्ला असफजहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधला. इथून मागे गेलेल्या मुलाला पणजोबा भेटतील ते निजामी राजवटीतले, सप्टेंबर १९४८ पूर्वीचे. त्यांच्या हातातला सरकारी कागद उर्दू असेल आणि पणतवाला तो वाचता येणार नाही. काळाचे दार उघडेल, लिपीचे नाही.

मराठवाड्याच्या बालकथेतली जादू या अडखळण्यापासून सुरू व्हावी. पणजोबांनी कागद वाचून दाखवावा, पणतवाने तो मराठीत उतरवून घ्यावा. वारशावरचा हक्क सिद्ध होतो तो असा.