मोरीला बोळा

काटकसर हा आमच्या घराण्याचा जणूं कुलाचारच आहे. वडील आलेल्या पाकिटांच्या आंतल्या कोऱ्या बाजूवर महिन्याचा जमाखर्च लिहीत, आणि मीहि छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत खडूचा तुकडा चिमटींत धरवेनासा होईपर्यंत कधीं टाकला नाहीं. असा संस्कार असल्यामुळें, आमच्या चिरंजीवांनीं पेट्रोल आणि वीज अशा दोन शक्तींवर चालणारी हायब्रिड मोटार घेतली, तेव्हां घरांत सर्वांत अधिक संतोष मलाच झाला. परंतु याच काटकसरीच्या अभिमानानें गेल्या मे महिन्यांत माझ्या वडील बहिणीच्या जिवावर बेतण्याची वेळ आणली. ती हकीकत सांगतांना संकोच वाटतो. तरी ज्या घरांतून भर उन्हाळ्यांत वृद्ध माणसांना घेऊन मोटारीचे प्रवास होतात, त्यांना तिचा कांहीं उपयोग होईल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

आमची अक्का माझ्याहून दहा वर्षांनीं मोठी. तिचे यजमान पाटबंधारे खात्यांत होते व पन्नास वर्षांपूर्वीं तिरोड्यास त्यांची नेमणूक होती. सध्यां ती मुलाकडे पुण्यास असते. या उन्हाळ्यांत नागपुरास आमच्याकडे आली, ती एकच इच्छा मनांत धरून, कीं बोदलकसा पुन्हां एकदां डोळ्यांनीं पाहावा. तिरोडा तालुक्यांतील हा तलाव १९१७ सालीं बांधून पुरा झाला. भोंवतीं रानानें झांकलेल्या टेकड्या, पलीकडे नागझिऱ्याचें अरण्य, आणि मध्यें पसरलेलें शांत पाणी. भाऊजी तलावाच्या पाहणीस निघाले, कीं अक्काहि कधीं कधीं डबा घेऊन त्यांच्याबरोबर जाई आणि पाळीवर बसून दोघें जेवीत. "हिवाळ्यांत जाऊं, तेव्हां पक्षीहि येतात," असें मीं सुचविलें. "हिवाळा मला कोणीं लिहून दिला आहे?" एवढेंच ती म्हणाली. त्यावर मला बोलावयास जागा राहिली नाहीं.

नवतपा दोन दिवसांवर आला होता. पहांटे निघावयाचें ठरलें होतें. पण एकत्र कुटुंबाच्या शिरस्त्याप्रमाणें घराबाहेर पडावयास दहा वाजले. चिरंजीव गाडी चालवीत होते, मी त्यांच्या शेजारीं, आणि मागें अक्का, सूनबाई व दोन नातवंडें.

ज्यांनीं ही मोटार पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. हिच्यांत पेट्रोलचें इंजिन असतें आणि विजेची मोटरहि असते. सावकाश चालतांना बहुधा वीज गाडी ओढते. वेग वाढला किंवा चढ लागला, कीं इंजिन मदतीस येतें. ब्रेक दाबला म्हणजे एरवीं उष्णता होऊन वायां जाणारी गति विजेच्या रूपानें बॅटरींत कांहीं अंशीं परत जमा होते. गाडी उभी राहिली कीं इंजिन गप्प बसतें. साध्या मोटारींत ए.सी.चा काँप्रेसर पट्ट्यानें इंजिनाशीं जोडलेला असतो, म्हणून इंजिन थांबलें कीं गारवाहि थांबतो; आमच्या मोटारींत तो बॅटरीच्या विजेवर फिरतो, त्यामुळें इंजिन बंद असतांहि थंड हवा येत राहते. समोरच्या पडद्यावर बाणांच्या खुणांनीं शक्ति कोठून कोठें वाहते तें दिसतें, आणि एका कोपऱ्यांत लिटरमागें किती किलोमीटर पडले तो आंकडा दिसतो.

त्या आंकड्यानें माझा घात केला. नागपूर सोडतांना तो २२ होता. ऊन चढलें, ए.सी.चा आवाज वाढला, आणि भंडाऱ्यास पोहोंचतों तों आंकडा १९ वर उतरला. विद्यार्थ्याचे गुण डोळ्यांदेखत कमी व्हावे तसें मला झालें. मीं चिरंजीवांना ए.सी. बंद करून कांचा खालीं घेण्यास सांगितलें. "नाना, आत्याला त्रास होईल," ते म्हणाले. "पूर्वीं याच रस्त्यानें लोक बैलगाडींतून गेले, त्यांना कोणता ए.सी. होता?" असें मीं मोठ्या ऐटींत विचारलें. त्यांनीं वाद घातला नाहीं. अक्काहि कांहीं बोलली नाहीं. आमच्या घरांत तिनें धाकट्या भावाचा शब्द चारचौघांत कधींच खालीं पडूं दिलेला नाहीं.

पुढला पाऊण तास भाजून काढणारें वारें गाडींतून वाहत होतें. वाऱ्यानें माणूस गार होतो, हा आपला नेहमींचा अनुभव. परंतु हवा अंगाहून अधिक तापलेली असली, म्हणजे तेंच वारें अंगांत उष्णता भरतें, आणि मग शरीराला आपल्या घामावांचून दुसरा आधार उरत नाहीं. म्हातारपणीं घाम कमी येतो, तहानहि नीट कळत नाहीं. तुमसर जवळ आलें तेव्हां नात म्हणाली, "आजोबा, अक्काआजी बोलत नाहीं." मागें वळून पाहिलें तों अक्काचें डोकें सूनबाईंच्या खांद्यावर कललेलें, चेहरा लाल, आणि हाताला हात लावावा तर कोरडा व कढत.

सूनबाईंनीं तत्काळ कांचा लावून ए.सी. पूर्ण जोरानें चालूं केला, लुगड्याचा पदर भिजवून अक्काच्या मानेवर व काखेंत ठेवला, आणि गाडी तशीच तुमसरांत डॉक्टरांकडे नेवविली. त्यांनीं सलाईन लावलें. "वेळेवर आणलेंत, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतें," असें ते म्हणाले. त्या तीन तासांत मी दवाखान्याच्या बांकावर बसून काय काय मनांत आणलें, तें लिहून दाखवितां येणार नाहीं.

चार वाजतां अक्का उठून बसली व तिनें पहिला प्रश्न केला, "आतां बोदलकसा किती दूर राहिला?" आम्ही परत फिरण्याच्या गोष्टी काढल्या, पण ती ऐकेना. शेवटीं, गाडी गार ठेवावी आणि ऊन उतरेपर्यंत तिला सांवलींतून हलवूं नये, या अटीवर डॉक्टरांनीं परवानगी दिली. वैनगंगा ओलांडून तिरोड्यावरून आम्ही तलावावर पोहोंचलों. झाडाखालीं सतरंजी टाकली. पाण्यावरून येणारें वारें बरेंच निवलें होतें. अक्का पाण्याकडे पाहत बसली, आणि आम्ही तिच्याशीं कोणी बोललों नाहीं.

इतक्यांत नातवंडें कंटाळलीं. त्यांनीं गाडींत बसून ए.सी. लावण्याचा हट्ट धरला. गाडी दहा पावलांवरच उन्हांत उभी होती. सकाळच्या अपराधानें मी नरम झालों होतों. शिवाय इंजिन बंद होतें. "बसूं द्या," मी म्हणालों, "पेट्रोल कोठें जळतें आहे? फुकटचा गारवा आहे."

पाव तास झाला असेल नसेल, तोंच इंजिन आपोआप सुरूं झालें. मुलांनीं कांहीं कळ दाबली, असें समजून मी धांवत गेलों. मुलें तर शहाण्यासारखीं बसलीं होतीं. थोड्या वेळानें इंजिन बंद पडलें, आणि कांहीं मिनिटांनीं पुन्हां गुरगुरूं लागलें. दोन तासांत असें कितीदां तरी झालें. मी सूनबाईंना कारण विचारलें. त्या विद्युत् अभियंता आहेत. पण वडिलधाऱ्यांपुढें आपली विद्या मिरविण्याची त्यांना संवय नाहीं. त्यांनीं एक काटकी घेतली आणि धुळींतच हिशेब मांडला. तो मी येथें देतों.

एक लिटर पेट्रोल जाळल्यास सुमारें ९ किलोवॅट-तास उष्णता निघते. तिच्यांतील एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे ३ किलोवॅट-तास, विजेच्या रूपानें हातीं लागते. भर उन्हाळ्याच्या दुपारीं ए.सी.ला दीड किलोवॅट लागतात असें धरूं. गाडी निवाल्यावर किंवा ऊन उतरल्यावर याहून कमी. म्हणजे दोन तासांस एक लिटर. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं ए.सी. तासावर पैसे घेतो, किलोमीटरवर घेत नाहीं. गाडी धांवो अथवा उभी राहो, त्याचा तास चालूंच असतो.

आतां शंभर किलोमीटरांचा हिशेब करा. मोकळ्या रस्त्यावर ताशीं ८० च्या वेगानें त्यास सव्वा तास लागेल, आणि ए.सी. सुमारें अर्ध्या लिटराहून थोडें अधिक पेट्रोल घेईल. शहरांत ताशीं २० नें तेंच अंतर तोडावयास पांच तास लागतील, आणि ए.सी. अडीच लिटर घेईल. ए.सी.वांचून ही गाडी शंभर किलोमीटरांस पांच लिटर घेते असें मानलें, तर मोकळ्या रस्त्यावर लिटरमागें २० चा आंकडा १८ वर येईल, आणि शहरांत १३ वर. हायब्रिड गाडी शहरांत हळूं चालतांना इतकी थोडी शक्ति घेते, कीं त्या थोड्यापुढें ए.सी.चा खर्च डोंगराएवढा दिसतो. उभ्या गाडींत तर चालण्याचा खर्च शून्य असतो. सगळा खर्च गारव्याचाच.

"पण इंजिन तर बंद होतें," मी म्हणालों. त्यावर त्या म्हणाल्या, "नाना, बॅटरी म्हणजे उसनी पेटी. तिच्यांत जें आहे तें पेट्रोलानेंच भरलेलें. ब्रेकांतून परत आलेलें तेंहि मुळांत त्याचेंच." शिवाय ही पेटी लहान असते. आपल्याकडे २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या अशा एका गाडीची साठवण पाऊण किलोवॅट-तासाइतकीच आहे, आणि तिच्यांतलाहि कांहीं भागच वापरावयास मिळतो. दीड किलोवॅटचा ए.सी. तो पाव तासांत संपवितो. मग ती पेटी भरण्यासाठीं इंजिन कोणास न विचारतां सुरूं होतें.

मीं मनाशीं गणित केलें. सकाळीं भंडारा ते तुमसर पाऊण तास ए.सी. बंद ठेवून मीं फार तर चाळीस रुपयांचें पेट्रोल वांचविलें होतें. उघड्या कांचांमुळें वाऱ्याचा अडथळा वाढून जें अधिक जळलें असेल तें वजा केलें, तर त्याहूनहि कमी. आणि आतां, तळ्याकांठचें वारें वाहत असतांना, दोन तासांत शंभरांहून अधिक रुपयांचें पेट्रोल उभ्या गाडींत जाळूं दिलें होतें. अक्का आतांपर्यंत मुकाट ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!" सगळीं हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

घरीं आल्यावर मीं या विषयावर थोडें वाचलें. १९०२ सालीं विलिस कॅरियर यानें अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं पहिलें आधुनिक वातानुकूलन यंत्र आंखलें, तें माणसांच्या सुखासाठीं नव्हतें. दमट हवेनें कागद फुगे, म्हणून होतें. मोटारींत तें १९३९ च्या सुमारास पॅकार्ड गाड्यांतून आलें. टोयोटा कंपनीची प्रियस ही हायब्रिड गाडी १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत विक्रीस आली, आणि २००३ च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत काँप्रेसर विजेवर फिरूं लागला. गारव्याची हौस मात्र आजची नाहीं. कालिदासाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ऋतुसंहाराचा आरंभच ग्रीष्मानें होतो, आणि त्यांत जलयंत्रें व चंदन यांचे उपचार आहेत. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे वाळ्याच्या ताट्या होत्या. त्या लावण्यापूर्वीं घरांतील शहाणीं माणसें दारें-खिडक्या सकाळींच लावून घेत. ऊन आंत येऊं द्यावयाचें नाहीं, आणि मग जें थोडें येईल तेवढेंच निववावयाचें. मोटारीलाहि हाच नियम लागूं पडतो.

तेव्हांपासून आमच्या घरीं असा परिपाठ आहे. गाडी शक्यतों सांवलींत उभी करतों. तापलेल्या गाडीचीं दारें दोन मिनिटें उघडीं ठेवून कोंडलेली हवा बाहेर घालवितों, आणि मगच ए.सी. लावतों. गाडी निवाल्यावर आंतलीच हवा फिरती ठेवून २५-२६ अंशांवर यंत्र लावतों. १८ वर ठेवून शाल पांघरण्याचा प्रकार बंद झाला आहे. घरगुती ए.सी. २०२० पासून २४ अंशांवर लावूनच विकले जावेत असा सरकारी नियम आहे, तो आम्हीं गाडीलाहि लावून घेतला. कांहीं हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनाजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तिच्यावर पिशवी ठेवीत नाहीं, कारण गाडींतली गार हवाच बॅटरीलाहि निववीत असते. दूरच्या रस्त्यावर, विशेषतः म्हातारीं व लहान मुलें बरोबर असतांना, ए.सी. बंद करण्याचें नांव काढीत नाहीं. उलट, उभ्या गाडींत गारव्यासाठीं बसून राहणें सोडलें आहे. तें खर्चिक तर आहेच, पण बंद पडवींत किंवा गॅरेजांत तें घातकहि आहे. इंजिन आपण होऊन सुरूं झालें, तर विषारी धूर कोंडतो. मुलांना एकट्यांना गाडींत ठेवणें तर कोणत्याच ऋतूंत बरें नव्हे.

त्या दिवशीं दिवेलागणीनंतर आम्ही परत निघालों. ए.सी. २६ वर होता, ऊन नव्हतें, आणि नागपुरास पोहोंचलों तेव्हां पडद्यावरचा आंकडा पुन्हां २१ झालेला होता असें चिरंजीव सांगतात. मीं तो पाहिला नाहीं. मी मागें अक्काच्या शेजारीं बसलों होतों, आणि तिला झोंप लागली होती कीं ती नुसतीच डोळे मिटून बसली होती, हें पाहण्यासाठीं मधून मधून तिच्या हाताला हात लावीत होतों. भंडाऱ्याजवळ ती डोळे न उघडतांच म्हणाली, "अरे, आहें मी. आतां तूं थोडा नीज."