देऊळ फिरायलंय

आक्काला मी खोटं ठरवलं होतं.

श्रावणात औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत तिनं माझा दंड घट्ट धरला. “बापू, देऊळ फिरायलंय बघ.” शेजारच्या बायकांनी हात जोडले. नामदेवांना कीर्तनासाठी मागं पाठवलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं आणि नंदी मागं राहिला, ही कथा इथं पोरासोरांनाही ठाऊक. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या जोडलेल्या हातांचा मला राग आला, आणि आक्काचाही.

महिन्याभरात ती पाय फाकवून, भिंत धरून चालू लागली. बशी ओठांशी जाईपर्यंत निम्मा चहा पदरावर सांडायचा. जीभ जड झाली. काकू म्हणाली, बाहेरचं आहे. तिनं काढलेला उतारा मी फेकून दिला. मेंदूचा एमआरआय साफ आला तसं मी घरात सांगून टाकलं की, दाजी गेल्यापासून हिनं मनाला लावून घेतलंय. बाहेरचं नाही म्हणजे मनाचं, अशी दोनच खाती माझ्याकडं होती. एकदा तर तिला म्हणालो, “आक्का, सोंग पुरे आता.” ती काही बोलली नाही. बशी खाली ठेवायला गेली, तीही तिला नीट ठेवता आली नाही.

नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांनी तिला स्वतःच्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं, तिच्या डोळ्यांची थरथर पाहिली आणि पोटाची तपासणी लिहून दिली. मला वाटलं, चुकून लिहिली.

अंडाशयात गाठ निघाली, कॅन्सरची. रक्तात ‘अँटी-यो’ प्रतिपिंडं सापडली. एरवी लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशींत असणारी प्रथिनं अशा गाठीतही तयार होतात. शरीर गाठीवर चालून जातं आणि त्याच खुणेवरून तोल सांभाळणाऱ्या त्या पेशींवरही. कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एकालाही हे होत नाही. पण होतं तेव्हा बऱ्याचदा गाठ कळण्याच्या कितीतरी महिने आधी तोल जातो, आणि सुरुवातीचा एमआरआय साफ असू शकतो. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर मी तिला खोटं पाडलं, तो कागद काहीच सिद्ध करत नव्हता.

पुढं वाचत गेलो. 2007 साली जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या जवळचा एक आजार उलगडला. वेड लागलं म्हणून आणलेल्या, तोंडाच्या आणि हातापायांच्या विचित्र हालचाली करणाऱ्या तरुण मुली. त्यांतल्या अनेकींच्या अंडाशयात गाठ होती. त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या भागात अंगात आलं म्हणून बांधून ठेवलेल्या पोरी मी लहानपणी पाहिल्यात.

ऑपरेशन झालं, स्टेरॉइड झाली. गाठ गेली. मेलेल्या पुरकिंजे पेशी परत येत नाहीत, म्हणून आक्का अजून धरूनच चालते.

यंदा देवळात तिनं पुन्हा माझा दंड धरला. मी विचारलं, “कोणीकडं फिरायलंय, आक्का?” तिनं थरथरत्या बोटानं डावीकडं दाखवलं. मी त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.