चार हजाराची सायकल

एका सायकलीवर नफा किती टक्के झाला, याची आमच्या घरात तीन उत्तरं निघाली. वहीतले आकडे मात्र सगळ्यांसमोर तेच होते.

दादाचं पुण्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. नव्या सायकली तो ठेवत नाही. जुन्या घेतो, नीट करतो, विकतो. हिशेब माझ्याकडे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ते काम आपणहून मागून घेतलं, कारण तोवर दादाचा हिशेब म्हणजे शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठ्या.

ही सायकल चोवीस इंची, गिअरची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली. मालकाच्या मुलाची उंची वाढली होती. सौदा 1,800 ला ठरला. दुकानापर्यंत आणायला टेम्पोचे 100. हवा नसताना उभी राहिल्यामुळे दोन्ही टायर कडेने चिरले होते, टायर-ट्यूबचे 800. ब्रेक शू आणि केबल 180, चेन 120. मागचं चाक आऊट होतं. दादाने सायकल उलटी केली, रिमपाशी बोट धरलं आणि चाक फिरवत, जिथे रिम बोटाला घासेल तिथले स्पोक चावीने आवळत-सोडत ते सरळ केलं. त्या मेहनतीचे पैसे कोणीच लावले नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. एकूण सायकल पडली 3,000 ला. विकली 4,000 ला.

वहिनी खूश. "अठराशेची वस्तू चार हजाराला गेली, दुपटीच्या वर!" तिच्या हिशेबाने 122 टक्के, टायर जणू माहेरहून आले होते. मी शाळेत शिकले तसं केलं, पण खरेदीत सगळा खर्च धरून: हजार भागिले तीन हजार, गुणिले शंभर, म्हणजे 33.33 टक्के. भाचा एका सुपरमार्केटमध्ये हिशेब बघतो. तो म्हणाला, "आत्या, मार्जिन पंचवीस टक्के आहे." त्याने हजाराला चार हजारांनी भागलं होतं.

तो चुकला नव्हता. दुकानदारीत टक्के बहुतेक विक्रीवर धरतात, आणि त्याला कारण आहे. रात्री गल्ल्यात मोजली जाते ती विक्री. मार्जिन पंचवीस टक्के असेल तर दहा हजारांच्या विक्रीत अडीच हजार आपले, हे तोंडी सांगता येतं. खरेदीवरचा टक्का वस्तू घेताना उपयोगी, कितीला विकली तर परवडेल ते ठरवायला. म्हणून मी वहीत दोन रकाने केले, 'खरेदीवर' आणि 'विक्रीवर'. विक्रीवरचा नफा कधीच शंभर टक्क्यांच्या पुढे जात नाही, तेव्हा कोणी दीडशे टक्के सुटतात म्हणालं तर तो खरेदीवरच बोलतोय हे नक्की.

वहिनीच्या आकड्यालाही एक जागा आहे, आणि ती चक्क जीएसटीत. जुन्या वस्तूंचा नोंदणीकृत व्यापारी मार्जिन योजनेने कर भरत असेल, तर कर विक्री आणि खरेदी किमतीतल्या फरकावर लागतो. इथे तो फरक 2,200 आहे, 1,000 नव्हे. दादाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे तो प्रश्न आमच्याकडे आला नाही.

खरी मजा घासाघीस सुरू झाल्यावर कळते. याच सायकलीला एक गृहस्थ म्हणाले होते, "दहा टक्के तर सोडा, त्याने काय होतंय?" ऐकायला अगदी माफक. पण त्यांचे दहा टक्के चार हजारांवरचे, म्हणजे 400 रुपये, आणि ते जाणार आमच्या हजारातून. गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट, आम्हाला नफ्यात चाळीस टक्के घट. दादा भिडस्त आहे, तो देऊनही बसला असता. मी खुणेने नको म्हटलं.

एक गोष्ट मात्र माझ्या दोन्ही रकान्यांत बसत नाही, ती म्हणजे वेळ. लहान मुलांच्या सायकली शाळा उघडताना, जूनच्या आसपास, भराभर जातात. तेव्हा वीस टक्क्यांवर सोडलेली सायकल आठवड्यात पैसे मोकळे करते आणि त्याच पैशांत दुसरी येते. पन्नास टक्क्यांच्या आशेने दिवाळीपर्यंत ठेवलेली सायकल दुकानातली जागा अडवते, आणि चेनला पुन्हा गंज चढतो तो वेगळाच. दादाला हे टक्क्यांशिवायच कळतं. मला त्यासाठी तारखेचा तिसरा रकाना करावा लागला.

घासाघिशीवर आता त्यानेच तोडगा काढलाय. किंमत तो उतरवत नाही, सायकलीबरोबर कुलूप फुकट देतो. घाऊक भावाने ते आम्हाला 90 रुपयांना पडतं.