सईला, कोंबडीबद्दल

चि. सईस,


ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. ‘पोट्टी जेवत नाही, अन् मीच तिला पाप लागेल म्हणून बसले,’ म्हणाली. तिच्याशी मी बोलेनच. तुला आधी सांगतो, कुत्र्यानं कंबरेतून धरलेली कोंबडी तू दवाखान्यात नेलीस आणि डॉक्टरांनी आशा नाही म्हटल्यावर कायमचं झोपवणारी सुई द्यायला हो म्हणालीस, त्यात तुझं काही चुकलं नाही.

कोंबडी मोठी चिवट जात. पशुधन पर्यवेक्षक म्हणून खेड्यांत फिरताना डोक्याची कातडी हाडापर्यंत सोललेल्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत. जखम धुऊन, माश्या बसू न देता आडोशाला ठेवल्या की काही आठवड्यांत पुन्हा उकिरडा उकरायला मोकळ्या. पंख मोडला तरी जगते. तुझ्या कोंबडीचे मात्र दोन्ही पाय लुळे पडले होते, बोट चिमटलं तरी ती पाय ओढत नव्हती, विष्ठा खाली चिकटून राहत होती. म्हणजे कणाच गेला. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना. उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि दुसऱ्या दिवशी तिथं आळ्या वळवळतात. ती ओरडत नव्हती म्हणून तिला दुखत नव्हतं, असं नाही. कोंबडी दुखणं लपवते. अर्धवट मिटलेले डोळे, उघडी चोच, हातात घेतलं तरी न धडपडणं, एवढीच तिची तक्रार.

‘राहू दे, आपोआप जाईल’ हा सल्ला मला फार लबाड वाटतो. रविवारी सावजी रस्सा ओरपणारी आपली माणसं. त्या कोंबडीच्या मानेवर सुरी कशी फिरली, कुणी विचारत नाही. घरच्या कोंबडीवर वेळ आली की टोपलीखाली वाटीभर पाणी ठेवून पाठ फिरवायची. आपले हात कोरडे, भोगायचं तिनं.

ताईला गांधीजींच्या वासराची गोष्ट सांग. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू तडफडत होतं. त्याला कूस बदलता येईना, डॉक्टरांनी आशा सोडलेली. गांधीजींनी सुई देऊन त्याची सुटका करवली आणि ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’त स्वतःच ते जाहीर केलं. संतापाची पत्रं आली, तरी ते मागे हटले नाहीत. गंमत म्हणजे त्याच लेखात पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचाही विषय होता. तिथं मात्र मारायला त्यांचं मन तयार होईना, कारण तिथं लाभ आपला होता. मला हा फरक लाख मोलाचा वाटतो. कायदाही आडवा येत नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जीव ‘प्राणी’ आहे, आणि बरं न होणाऱ्या जखमी जनावराला वेदनेतून सोडवायची तरतूदही आहे.

पुन्हा असं रात्री-अपरात्री झालं आणि डॉक्टर मिळाला नाही, तर लाजू नकोस, चौकातल्या चिकनवाल्याला हाक मार. सराईत हात आहे त्याचा. मान एका झटक्यात ताणून मागे वाकवली की कणा सुटतो आणि शुद्ध काही सेकंदांत हरपते. मग पंख जोरात फडफडतात. ते बघून अजून जिवंत आहे असं वाटून नवखा माणूस हबकतो, पण ती नुसती स्नायूंची हालचाल. डोळ्याला बोट लावून पापणी हलत नाही ना, तेवढं बघायचं. स्वतः शिकल्याशिवाय हे करू नकोस, आणि पाण्यात बुडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. सुई दिलेली कोंबडी खोल पुरायची, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाता कामा नये.

हे सगळं जखमेपुरतं. जखम नसताना कोंबडी मलूल झाली, पटापट मरायला लागली, तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. 2024च्या अखेरीस गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, ते विसरू नकोस.

राहिलेल्या दोघी काही दिवस अंडी देणार नाहीत. घाबरल्यात, दाणे टाकत राहा. कोंबड्यांची ती पातळ जाळी कुत्र्यापुढे टिकत नाही. रविवारी वेल्डमेश घेऊन येतो, खुराड्याची मापं काढून ठेव.

तुझा,
मामा